वारलेल्या पेशंटच्या वारसांना बिल पाठवावं का? अण्णा ऐकत नाहीयेत

वेळवंडी
रविवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. रक्कम फार मोठी नाही पण घरात आठ दिवस अबोला आहे.

माझे वडील, अण्णा, वय ७८. पुण्यात बी. जे. मेडिकल कॉलेजमधून एमबीबीएस झाले, ससून हॉस्पिटलला इंटर्नशिप केली आणि ७२ च्या दुष्काळात भोर तालुक्यात धरणाच्या बॅकवॉटरकडच्या एका गावात दवाखाना टाकला, तो थेट गेल्या वर्षीपर्यंत. गावाचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. सुरुवातीला दोन रुपयात तपासणी, इंजेक्शन आणि तीन दिवसांच्या पुड्या असायच्या. पलीकडच्या वाड्यांना लाँचने जायचे, नंतर एम-एटी दुचाकी आली. गुडघे गेले तेव्हा मी त्यांना सिंहगड रोडला माझ्याकडे आणलं. सोबत औषधांचं कपाट आलं नाही पण लाल कापडी बांधणीच्या अकरा वह्या आल्या. उधारीच्या.

तर त्या गावातले एक गृहस्थ, आपण त्यांना आबा म्हणू, अर्धांगाचा झटका येऊन १४ महिने अंथरुणाला होते. अण्णा त्यांच्या घरी जायचे. लघवीची नळी बदलणं, पाठीच्या जखमांचं ड्रेसिंग, मधून मधून सलाईन. आबा मागच्या ज्येष्ठात गेले. अण्णांच्या वहीत त्यांच्या नावावर येणं आहे: ६१ व्हिजिट ३०० प्रमाणे १८,३००, नळी १६ वेळा बदलली त्याचे ८,०००, ड्रेसिंगचं सामान आणि सलाईन ९,४५०. एकूण ३५,७५०.

वर्षश्राद्ध होईपर्यंत अण्णा गप्प होते. ते झालं आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या अक्षरात बिल लिहून मोठ्या मुलाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवलं. मला न विचारता! मला कळलं तेव्हा लाजच वाटली. ५० वर्षं ज्या गावाने देव मानलं त्या गावात मेलेल्या माणसाच्या नावाने बिल? मी म्हणलं अण्णा सोडून द्या ना, तुम्हाला काय कमी आहे. तर म्हणाले "तुला नाही कळायचं" आणि टीव्ही लावला.

काल त्या मुलाच्या मुलाचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. "काका बिलाचा पुरावा आणि जीएसटी नंबर पाठवा." बास. अण्णांनी तो चष्मा वर करून चार वेळा वाचला आणि जेवले नाहीत.

प्रश्न दोन. एक, कायद्याने हे पैसे मागता येतात का? दोन, मागावेत का? दुसऱ्यावर जास्त बोला.

भुईनळा
रविवार, रात्री १०:३१

मागा की. डॉक्टर लोक जिवंत माणसाला सोडत नाहीत, मेलेल्याला कशाला सोडतील. हलके घ्या.

पेठेतला
रविवार, रात्री १०:४८

३०० रुपयात घरी येऊन नळी बदलणारा डॉक्टर??? आमच्याकडे ३०० रुपयात रिसेप्शनवरची बाई मान वर करत नाही. भुईनळा, कुठे काय बोलावं याचं तारतम्य ठेवा जरा.

जीएसटी नंबर मागणाऱ्या नातवाला सांगा, डॉक्टरच्या तपासणीवर आणि उपचारावर जीएसटी नसतो. हे माहीत नसेल तर आधी ते शीक आणि मग काकांना मेसेज कर म्हणावं. आणि ते 'काका' काय, आजोबांच्या वयाच्या माणसाला.

देहूफाटा
रविवार, रात्री ११:०५

वेळवंडी ताई, मी असतो तर वह्या नदीला दिल्या असत्या. तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवलीच ना.

पेठेतला
रविवार, रात्री ११:०९

आत्ता इंद्रायणीत टाकल्या तर फेसावर तरंगतील. आणि गोष्ट पूर्ण सांगा की, तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले, धाकट्या भावाचा अर्धा त्याच्या हातात दिला आणि फक्त आपला अर्धा बुडवला. दुसऱ्याचं येणं बुडवायचा अधिकार त्यांनी घेतला नाही. इथे वह्या अण्णांच्या आहेत, ताईंच्या नाहीत.

देहूफाटा
रविवार, रात्री ११:२०

हे बरोबर आहे. मागे घेतो.

बिनकोटाचा_वकील
सोमवार, सकाळी ७:५०

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, दुसरा माझ्या फीमध्ये बसत नाही.

मागता येतात. माणूस गेला म्हणून त्याचं देणं जात नाही, ते त्याच्या मालमत्तेवर राहतं. मात्र वारसाने खिशातून भरायचं नसतं, बापाकडून जेवढं हातात आलं तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. आपल्याकडे हे आजचं नाही, १८६६ सालचा जुना मुंबई कायदा होता त्यात हेच म्हणलंय, मुलगा किंवा नातू आहे एवढ्याच कारणाने कर्ज त्याच्या बोडक्यावर नाही. त्यातली एक गंमत म्हणजे विधवेने दुसरं लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या कर्जाला नवा नवरा जबाबदार नाही, हेसुद्धा मुद्दाम लिहावं लागलं होतं, म्हणजे तेव्हा सावकार कुठपर्यंत पोचत होते बघा. आणि बापाचं कर्ज फेडणं हे पुत्राचं धर्मकर्तव्य, हा जो हिंदू कायद्यातला जुना मुद्दा होता, त्याच्या जोरावर ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जासाठी कोर्टात जाता येत नाही.

वारसाने जमीन विकून टाकली तरी सुटका नाही, आलेले पैसे कुठे गेले हे त्याला दाखवावं लागतं. आबांची जमीन विकली गेलीय का?

आता मुदत. केलेल्या कामाचे पैसे मागायला ३ वर्षं, आणि ती काम केलं त्या दिवसापासून मोजायची, माणूस गेला त्या दिवसापासून नाही. आजार १४ महिने, वर गेलेलं एक वर्ष, म्हणजे पहिल्या व्हिजिटला अंदाजे २६ महिने झालेत. दहाएक महिने हातात आहेत, नंतर एकेक व्हिजिट गळायला लागेल.

आणि एक रोचक. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात ३२० कलम आहे. मृत्युपत्राचा व्यवस्थापक किंवा कोर्टाने नेमलेला प्रशासक असेल तर त्याने सगळ्या कर्जांच्या आधी काय चुकतं करायचं, तर अंत्यविधीचा खर्च आणि मरणासन्न अवस्थेतला खर्च, त्यात डॉक्टरची फी हा शब्दच घातलेला आहे. गड्यामाणसांची शेवटच्या तीन महिन्यांची मजुरीसुद्धा त्याच्यानंतर येते. तुमच्या केसमध्ये सातबाऱ्यावर सरळ वारस नोंद झाली असणार, त्यामुळे ते कलम थेट लागणार नाही, पण तेव्हा कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात क्रम काय होता ते कळतं.

राहिला पुरावा. नातू उद्धट असेल पण चूक नाही. नियमित ठेवलेली हिशोबाची वही पुराव्यात चालते, पण नुसत्या वहीवर समोरच्याच्या माथी देणं मारता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात तसंच होतं, १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम आला त्यातही तसंच आहे. जोडीला आणखी काहीतरी लागतं.

नीरेकाठ
सोमवार, दुपारी १:२२

मी वारसाच्या बाजूने बोलतो, शिव्या घाला हवं तर.

आमचे वडील गेले तेव्हा तेरावं व्हायच्या आत सतरा जण आले. खतवाला आला, ट्रॅक्टरवाला आला, भिशीचे दोन हप्ते राहिलेत म्हणून एक आला, एकाने तर सांगितलं की वडलांनी त्याला बैल घेऊन देतो असा शब्द दिलेला. मी डोक्याचे केस काढून ओसरीवर बसलेलो आणि लोक येऊन आधी रडायचे, मग चहा प्यायचे, आणि उठताना हळूच "ते जरा थोडं राह्यलं होतं". पहिल्या पाच जणांना मी न विचारता दिले. सहाव्याला दिल्यावर आईनं आतून हाक मारली आणि सांगितलं की याचे तर तात्यांनी माझ्यासमोर दिवाळीत चुकते केलेत. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला कागद मागितला. त्यात आमचा डॉक्टर पण होता आणि त्याला पण मागितला. त्याला राग आला असंल, मला माहीत नाही, मला त्या वेळी समोर कोण बसलंय ते दिसतच नव्हतं. सगळे एकसारखेच दिसत होते.

तेव्हा पुरावा हा शब्द एवढा मनाला लावून घेऊ नका. मेसेजवर पाठवायचा शब्द नव्हता तो, एवढं खरं. घरी येऊन विचारायला हवं होतं.

गोळीवाला
सोमवार, दुपारी ३:४०

मी हडपसरला जनरल प्रॅक्टिस करतो. एकच सांगायला आलोय. ताई, वहीच्या पानाचा फोटो काढून त्या पोराला पाठवू नका!! आमच्यासारख्यांच्या वहीत नावापुढे नुसती रक्कम नसते, आजार पण असतो. आबांच्या वरच्या ओळीत कोणाची गर्मी असेल, खालच्या ओळीत कोणाच्या सुनेची पिशवी साफ केलेली असेल, सगळं गाव त्या एका पानावर असतं. पेशंटची गुप्तता पाळायचा नियम बिल वसूल करताना सुटत नाही. फक्त आबांच्या ओळी वेगळ्या कागदावर उतरवून द्या.

बाकी अण्णांना माझा नमस्कार. नळी १६ वेळा घरी जाऊन बदलणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळतं.

वेळवंडी
सोमवार, रात्री ९:१०

आई गं. गोळीवाला, फोटो काढून ठेवला होता मोबाईलमध्ये. डिलीट केला. तुम्ही म्हणता तसंच आहे, वरच्याच ओळीत असं काही आहे की त्या घरी मी अजून हळदीकुंकवाला जाते.

वकीलसाहेब, हो, जमीन विकली गेलीय. ४० गुंठे, पुण्यातल्या प्लॉटिंगवाल्याला. दोन मुलगे आहेत, एक गावात, एक चाकणला कंपनीत. एक मुलगी सासवडला दिलेली, तिने हक्कसोड करून दिलं, काही न घेता.

नीरेकाठ, तुमचं वाचून दाखवलं अण्णांना. पूर्ण ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "बैलवाला खरं बोलत असंल कदाचित." हे असं आहे.

मग मी खाली बसले आणि आमचा अबोला संपवायचा म्हणून वही उघडून विचारलं की मला समजावून सांगा. ५१ वर्षांची मी, पण ती वही कधी नीट बघितली नव्हती. प्रत्येक पानाला तीन रकाने आहेत. येणे, बुडीत, धर्मादाय. माणसाची नावं कमी, "वरच्या आळीची म्हातारी", "कातकरवाडी पोर जुलाब", "लाँचवाला" असंच जास्त. धर्मादायवाला रकाना सगळ्यात भरलेला आणि तिथे रक्कम टाकलेली असते, मग निळ्या पेन्सिलीने त्यावर रेघ. बुडीत म्हणजे ज्यांना जमत असून दिले नाहीत ते, तिथे रेघ नाही, आकडा तसाच. मी विचारलं आबांना उचलून धर्मादायात टाका की, विषय संपला.

तेव्हा सांगितलं. आबांचं पहिलं ड्रेसिंग झालं तेव्हा अण्णा म्हणाले होते राहू द्या पैशाचं. तर आबा, ज्यांना धड बोलता येत नव्हतं, डावी बाजू गेलेली, ते म्हणाले, "डाक्टर, वहीत लिवा. मला धर्मादायात घालू नका, मी काय देवळापुढं बसल्यालो न्हाय. मी ग्येल्यावर पोरांकडनं मागून घ्या. मागायचं बरं का." आणि पुढे प्रत्येक वेळी अण्णा निघाले की विचारायचे, "लिवलं का?" अण्णांना वही उघडून दाखवावी लागायची.

म्हणून बिल पाठवलं. अण्णा म्हणतात मी नाही मागितलं तर त्याला खोटं पाडल्यासारखं होईल.

मला आता काही सुचत नाहीये.

भुईनळा
सोमवार, रात्री ९:२६

माझा पहिला प्रतिसाद उडवता येईल का? संपादक मंडळ?

पेठेतला
सोमवार, रात्री ९:३०

राहू द्या तो. असू दे.

बिनकोटाचा_वकील
मंगळवार, सकाळी ८:०५

मुलीने हक्क सोडला असेल आणि तिच्या हातात काही आलं नसेल तर तिच्याकडे कायद्याने काहीही मागता येत नाही. दोन भाऊच. ३५ हजारासाठी दावा लावा असं मी म्हणणार नाही, वकिलाची फी आणि भोरच्या खेपा यातच तेवढे जातील. राष्ट्रीय लोकअदालतीत दाखलपूर्व, म्हणजे दावा न लावताच, प्रकरण म्हणून टाकता येतं, कोर्ट फी लागत नाही, दोघांना समोरासमोर बसवतात आणि बऱ्याचदा तिथेच मिटतं. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा. त्याआधी एकदा कोणीतरी मध्ये पडून बोला. त्या सासवडच्या ताईंशी बोललात का?

मुळशीचा_बोका
मंगळवार, सकाळी ११:००

अवांतर: आमच्याकडे डॉक्टरला पैशाऐवजी सुगीला भात द्यायचे. बलुत्यासारखंच. आजोबा सांगायचे की डॉक्टर खळ्यावर यायचा नाही, लाजायचा, त्याच्या घरी पोचवावं लागायचं.

वेळवंडी
शनिवार, रात्री ८:५५

मंडळी, उशीर झाला, बरंच घडलं.

वकीलसाहेबांच्या सांगण्यावरून सासवडला फोन केला. पैसे मागायला नाही, नुसतं कानावर घालायला. ती ऐकून घेत होती आणि एकदम म्हणाली, ताई थांबा, माझ्याकडे कॅलेंडर आहे. मला कळेना. गुरुवारी ती एसटीने स्वारगेटला आली, मी घ्यायला गेले, पिशवीत गुंडाळी करून कालनिर्णयची पानं. आबांच्या खाटेशेजारी भिंतीला कॅलेंडर असायचं, उजव्या हाताला, पेन्सिल दोऱ्याने खिळ्याला बांधलेली. दूध, गॅस, लाईट बिल घरातल्या बायका लिहायच्या तसे हे अण्णा आलेल्या तारखेच्या चौकोनात लिहायचे. "डॉ". महिना संपला की सुना पान फाडून टाकायच्या, तर ही माहेरी गेली की उचलून आणायची. पैशासाठी नाही, आबांचं अक्षर म्हणून. सुरुवातीचं "डॉ" तिरकं पण ठसठशीत, शेवटच्या दोन महिन्यांत नुसती एक उभी रेघ आणि वर टिकली. कुठे कुठे जास्तीचंही आहे. "डॉ नळी". "डॉ च्या घेतला नाही". एका रविवारी "डॉ पाऊस भिजला".

आम्ही दोघी जमिनीवर पानं पसरून मोजत बसलो. ७४.

वहीत ६१ आहेत. परत मोजले. ७४च.

अण्णा आतून काठी टेकत आले. म्हणाले तो चुकला असेल, शेवटी त्याला दिसत कुठे होतं. मग एकेक तारीख वहीशी लावून बघितली, जिथे वहीत आहे तिथे कॅलेंडरवर आहेच, पण १३ तारखा अशा की कॅलेंडरवर "डॉ" आहे आणि वहीत काही नाही. अण्णा त्या १३ तारखांकडे बघत बसले. मग म्हणाले, "त्या दिवशी मी तपासलं नाही त्याला. लाँच सुटायला वेळ होता म्हणून नुसता जाऊन बसलो होतो. बसायचे पैसे नसतात."

तर ती मुलगी, एवढीशी, मला वाटलं रडेल, तिने सरळ सांगितलं की काका, आबांनी धरलंय ते. ७४ चा हिशोब करा. ३९,६५० होतात. भावांचं भाऊ बघतील, मी माझ्या मनाने देणार.

गेले दोन दिवस भांडण हेच आहे. ती ६१ चे द्यायला तयार नाही, हे ७४ चे घ्यायला तयार नाहीत.

बिनकोटाचा_वकील
शनिवार, रात्री ९:४०

२२ वर्षं वकिली करतोय, देणेकरी जास्त सांगतोय आणि घेणेकरी कमी, अशी केस माझ्याकडे आलेली नाही. तीही जिचं काही देणंच लागत नाही ती.

कायद्याचं विचाराल तर मेलेल्या माणसाने स्वतःच्या तोट्याचं लिहून ठेवलेलं असेल तर त्याला चांगलं वजन असतं. वहीला जोड हवी होती ना, ही मिळाली. तारखेला तारीख लागतेय. त्या ६१ बाबत आता नातवाने पुरावा मागितला तर ती पानं नुसती समोर धरा. १३ बाबत मी मत देणार नाही.

गोळीवाला
शनिवार, रात्री १०:०२

१३ मध्ये अण्णा चूक आहेत. सांगा त्यांना, एका डॉक्टरने सांगितलंय म्हणून. पडून असलेल्या पेशंटकडे जाऊन बसणं ही व्हिजिटच असते, आबांना ती कळली होती.

नीरेकाठ
रविवार, सकाळी ६:३०

त्या नातवाला ती पानं दाखवा. बिलासाठी नको. "पाऊस भिजला" वालं पान दाखवा फक्त.

वेळवंडी
पुढचा बुधवार, संध्याकाळी ७:२०

शेवटचं अपडेट, मग धागा माझ्याकडून थांबवते.

नातू आला होता सोमवारी, आत्याने पाठवलं असणार. बाहेर चपला काढून बराच वेळ उभा होता. पानं बघितली, नीरेकाठ म्हणाले ते पण. अण्णांच्या पाया पडला, जीएसटीचं कोणी काही काढलं नाही. ३५,७५० चं पाकीट ठेवून गेला, वडलांनी आणि चुलत्याने मिळून दिले म्हणाला. अण्णांनी वहीत त्याच्यासमोर जमा लिहिलं आणि त्याची सही घेतली, पावती पण दिली.

आत्याला हे कळलं असेल आणि गप्प बसली असेल असं वाटलं होतं. आज दुपारी टेम्पोने दोन कट्टे आंबेमोहोर आला. भावाच्या शेतातला, म्हणजे जो तुकडा विकला नाही त्यातला. सोबत चिठ्ठी, "१३ चे". लिफ्ट बंद, चौथा मजला, वॉचमन आणि मी मिळून चढवला, सगळ्या जिन्यात वास सुटलाय, खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा येऊन गेल्या.

अण्णा परत करा म्हणाले नाहीत. वही काढून बसलेत. जमा करायचा तर रकमेत करावा लागेल, ३,९०० पेक्षा जास्त होत असेल तर वरचा भाग तिचं येणं म्हणून दाखवायचा आणि परत करायचा म्हणतात. तेव्हा मार्केट यार्डात भुसार बाजारात कोणाचं दुकान असेल तर आंबेमोहोराचा आजचा ठोक भाव सांगा प्लीज, किरकोळ नको, ठोकच पाहिजे असं ते मागून ओरडून सांगतायत. कट्टे ३० किलोचे आहेत.